नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

जून सरता सरता प्रवेशाची धावपळ संपते आणि कार्यालयातून नवे हजेरीपट विभागात येतात. आम्ही दोघे गेली कित्येक वर्षे अमळनेरात मराठी शिकवीत आहोत. तरीही नव्या हजेरीपटाचे पहिले पान उघडताना कुतूहल वाटतेच. आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. इंग्रजी वर्णक्रमाने अहिरे, बडगुजर, बाविस्कर, बोरसे, चौधरी, देवरे, कोळी, महाजन, निकम असे सरकत जावे आणि पाटलांपाशी येऊन थांबावे. पान उलटले तरी पाटील संपत नाहीत. मग कुठे पवार, साळुंखे, सोनवणे आणि वाणी. एकाच नावाचे तीन पाटील एका वर्गात निघाले, तर मुले आपापसांत तोडगा काढतात : एक मारवडचा, एक डांगरीचा, एक कळमसऱ्याचा. शासनदरबारी जे आडनाव आहे ते माणूस ओळखण्याच्या कामी येत नाही, आणि जे कामी येते ते कुठेच नोंदलेले नसते.

ह्या लेखाचे निमित्त मात्र आडनावे नव्हेत. आमच्या हातून वर्गात घडलेली एक चूक हे त्याचे निमित्त आहे, आणि ती चूक एका नावासंबंधी आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी आडनावांविषयी थोडे बोलणे आवश्यक वाटते. कारण नावांचा अर्थ लावण्याची जी सवय आम्हांस जडली, ती आडनावांच्या अभ्यासातूनच जडली.

खानदेशात व्युत्पत्तीचे वेड लागायला निमित्त फार लांब शोधावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांचे अखेरचे दिवस जवळच धुळ्यात गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. गावांची, माणसांची, कुळांची नावे म्हणजे इतिहासाचे कागदच होत, हे त्यांचे प्रतिपादन. त्यांचा धातुकोश आणि नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात धुळ्याहूनच प्रसिद्ध झाले. पुढे १९५२ मध्ये अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी होते ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’चे कर्ते कृ. पां. कुलकर्णी. अशा गावात भाषाविज्ञान शिकविणाऱ्याने शब्दांची मुळे खणत बसावे ह्यात नवल नाही.

‘पाटील’ ह्या शब्दाचे मूळ ‘पट्टकील’. माळव्यातील परमारांच्या दानपत्रांत गावकऱ्यांना उद्देशून जी आज्ञा असते, तीत हा पट्टकील भेटतो. म्हणजे हे मुळात कुळाचे नाव नव्हे, हुद्द्याचे नाव. चौधरी, महाजन, देशमुख, कुलकर्णी ही सारी त्याच पंक्तीतली. हुद्दा एका घराकडे, पण आडनाव साऱ्या भाऊबंदांनी लावायचे, आणि भाऊबंद वाढत गेले. म्हणूनच मराठा, लेवा, गुजर, कोळी अशा निरनिराळ्या समाजांत पाटील आढळतात आणि आडनावावरून जात ओळखू पाहणाऱ्याची खानदेशात पदोपदी फजिती होते. परगणे-कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. हुद्दा गेला, नाव राहिले.

दुसरा वर्ग कुळांच्या नावांचा. पवारांचा संबंध परमारांशी, मोऱ्यांचा मौर्यांशी, साळुंख्यांचा चालुक्यांशी जोडला जातो. निकम हे आडनाव निकुंभांचे म्हणतात. आणि हे निकुंभ आमच्या जिल्ह्यातले. चाळीसगावजवळ पाटणे येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि निकुंभ राजांनी त्यास दान दिल्याची नोंद आहे. अहिरे आणि अहिरराव ह्यांत आभीर दिसतात, तेच ‘अहिराणी’त दिसतात. अर्थात अशा व्युत्पत्त्या सांगताना थोडा संयम हवा. ध्वनी जुळला म्हणजे वंश जुळतोच असे नाही. राजाचे नाव त्याच्या प्रजेनेही घेतले असेल, पदरच्या शिपायानेही घेतले असेल.

तिसरा वर्ग गावावरून पडलेल्या आडनावांचा. कोकणात आणि देशावर ‘-कर’ प्रत्ययाने जे काम केले, ते खानदेशात त्या मानाने थोडेच केले. पण ही रीत काही आपलीच नव्हे. नेदरलँड्सच्या उत्तरेस फ्रिजलंड नावाचा प्रांत आहे. तेथील लोकांची भाषा डचहून निराळी आहे आणि आडनावेही निराळी आहेत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एट्स्खर डाइक्स्ट्रा हे नाव ठाऊक असते. त्यातील ‘डाइक’ म्हणजे समुद्र अडविणारा बांध, आणि ‘-स्ट्रा’ म्हणजे तेथे राहणारा. टेर्पस्ट्रा म्हणजे पुरापासून वाचण्यासाठी रचलेल्या मातीच्या उंचवट्यावर राहणारा. आपल्या ‘-कर’चा हा दूरचा जोडीदारच म्हणायचा. ते प्रांत नेपोलियनच्या अमलाखाली असताना १८११ मध्ये हुकूम निघाला, की ज्यांना कायमचे आडनाव नाही त्यांनी ते घ्यावे आणि नोंदवावे. तोवर अनेकांचे काम बापाच्या नावावर भागत होते. जसे आपल्याकडील जुन्या महसुली कागदांत ‘अमुक वल्द तमुक’ एवढ्यावर भागे.

ह्या हुकमासंबंधी एक गोष्ट तिकडे मोठ्या चवीने सांगितली जाते. लोकांनी म्हणे सरकारची थट्टा करण्यासाठी मुद्दाम हास्यास्पद आडनावे नोंदविली. आणि पुरावा म्हणून ‘नाक्तखेबोरन’ हे डच आडनाव पुढे केले जाते. त्याचा सरळ अर्थ ‘नागवा जन्मलेला’. अभ्यासक मात्र सांगतात, की हा मूळच्या एका जर्मन शब्दाचा अपभ्रंश आहे आणि त्याचा अर्थ ‘मागाहून जन्मलेला’, म्हणजे बाप वारल्यानंतर जन्मास आलेला. ज्या नावावर लोक पिढ्यान्‌पिढ्या हसले, त्याच्या तळाशी एक विधवा आणि तिचे तान्हे मूल होते.

आमच्या हातून घडले ते ह्याच जातीचे.

आडनाव मिळते, नाव ठेवावे लागते. आडनावापाशी इतिहास असतो, नावापाशी कोणीतरी माणूस उभा असतो. हे आम्हांस तेव्हा उमगले नव्हते. द्वितीय वर्षाच्या वर्गात व्युत्पत्ती शिकवताना खानदेशी नावांची उदाहरणे घेतली, तर मुलांना रस वाटेल असा आमचा हिशेब होता, आणि तो खरा ठरला. महिन्यांवरून चैत्राम आणि श्रावण. वारांवरून सोमा, मंगा, बुधा. भीमसेनाचा झालेला भिवसन. कौतुकाचा कौतिक. उत्तरेच्या आणि गुजरातच्या शेजाराने आलेले लाल, चंद, दास, भाई आणि सिंग हे शेवट. वर्ग रंगात आला होता. मग आमच्यापैकी एकाने फळ्यावर लिहिले : दगडू, धोंडू, चिंधा, कचरू, उखर्डू. शेवटच्या शब्दापुढे बाण काढून लिहिले : उकिरडा. वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर एक विद्यार्थी विभागात आला. तो हसला नव्हता, हे तेव्हा आठवले. त्याने विचारले, ‘सर, राजपत्रात नाव बदलतात ते फक्त स्वतःचेच बदलता येते की आजोबांचेही?’ प्रश्नाचा रोख ध्यानात यायला क्षणभर लागला. त्याच्या वडिलांच्या नावामागे आजोबांचे नाव म्हणून उखर्डू होते. शाळेपासून प्रत्येक अर्जावर तो तेथे नुसता ‘उ.’ लिहीत आला होता. कोणी विचारलेच, तर उत्तम म्हणून सांगत असे. घरी मात्र आजोबांवर त्याचा जीव होता. ते जाऊन फार दिवस झाले नव्हते.

आम्ही ओशाळलो, पण काय बोलावे ते सुचेना. मास्तराला काही सुचले नाही म्हणजे तो अभ्यास देतो. आम्ही त्याला म्हटले, की हे नाव का ठेवले ते घरी विचारून ये. आठवड्याने तो परतला. आजीने सांगितलेली हकीगत त्याने वहीत उतरवून आणली होती. आजोबांच्या आधीची तीन भावंडे वर्षाच्या आत गेली होती. चौथे मूल झाले, तेव्हा आईने त्याला उकिरड्यावर ठेवले आणि पाठ फिरवली. शेजारच्या बाईने ते ‘सापडलेले’ पोर सुपात घालून आपल्या घरी नेले. आईने मग सूपभर दादर मोजून ते विकत घेतले. पोर आता तिचे नव्हते. टाकलेले, परक्याचे, मोल देऊन आणलेले होते. त्यावर कोणाची दृष्ट पडणार? आजी अहिराणीत म्हणाली होती, ‘ते नाव लोकेसनाकरता नव्हतं, यमनाकरता व्हतं.’ आजोबा ऐंशीच्या घरात पोचून गेले.

ती वही वाचल्यावर आमच्या ध्यानात आले, की फळ्यावरचा आमचा बाण खोटा नव्हता. पण अर्धा होता. शब्दाचे मूळ उकिरड्यात होते, नावाचे मूळ नव्हते. नावाचे मूळ त्या बाईच्या भयात होते. नथू म्हणजे नाक टोचलेला, मुलगी म्हणून मृत्यूच्या नजरेआड केलेला मुलगा. चिंधा म्हणजे यमाने उचलू नये इतका टाकाऊ. ही सारी प्रार्थनेची उलटी भाषा आहे. आणि ती खेड्यापाड्याचीच आहे असेही नाही. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाच्या नावाचा अर्थ कुत्र्याच्या शेपटीशी जाऊन भिडतो आणि त्याच्या दोन्ही भावांच्या नावांतही तेच आहे. बहिणाबाई चौधरींच्या वडिलांचे नाव उखाजी महाजन. त्या नावातही ह्याच उकिरड्याची सावली असावी असे आम्हांस वाटते. आणि तसे असेल, तर असोद्याच्या कुठल्याशा मातेने मृत्यूशी केलेली ती हुज्जत मराठी कवितेच्या कामी आली असे म्हणावे लागेल.

परंतु एवढ्यावर थांबलो, तर आमची दुसरी चूक होईल. सारीच हिणकस नावे मायेपोटी आलेली नाहीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णांनुसार नावे सांगितली आहेत : ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित. म्हणजे एका हाताने आई जे नाव भिऊन ठेवीत होती, तेच नाव दुसऱ्या हाताने शास्त्र हिणवून लादीत होते. एकाच ‘कचरू’ची ही दोन मुळे कोशातील नोंदीवरून वेगळी करता येणार नाहीत. ती त्या त्या घरातच विचारावी लागतील. गावावरून पडलेले आंबडवेकर हे नाव शाळेत आंबेडकर झाले, आणि त्याच आंबेडकरांनी दिलेल्या १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, संघमित्रा ही नावे आली. हा बदल नुसत्या आवडीनिवडीचा नव्हता. दुसऱ्याने ठेवलेले नाव नाकारून स्वतःच्या हाताने नाव ठेवण्याचा तो हक्क होता. म्हणून नाव बदलू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘जुने नाव किती अर्थपूर्ण आहे’ असे ऐकवण्याचा अधिकार आम्हांस नाही. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुसा’ नावाच्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. तेथे कोणती माया शोधणार? ते नाव यमासाठी नव्हते, मुलीसाठीच होते.

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ ह्यांत वचनाचाच काय तो फरक. एकवचनात बारसे आहे, अनेकवचनात निंदा. वर्गात फळ्यापुढे उभे राहून आम्ही पहिल्याचे दुसरे करून टाकले होते. पुढच्याच तासाला आम्ही वर्गाची क्षमा मागितली, आणि त्या मुलाची परवानगी घेऊन, त्याचे नाव न सांगता, सूपभर दादरीची हकीगत वाचून दाखविली. त्या दिवशी कोणी हसले नाही. उलट चार-पाच जणांनी आपापल्या घरातील नावे सांगितली.

तेव्हापासून आम्ही दरवर्षी एक स्वाध्याय देतो. घरातील तीन पिढ्यांची नावे लिहा, आणि ती कोणी, का ठेवली ते विचारून या. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाचा एक उपयोग सांगितला आहे तो मुलाचे नाव ठेवता यावे हा. आणि ते नाव तीन पुरुषांची आठवण राखणारे असावे अशी अपेक्षाही तेथे आहे. आमचा स्वाध्याय त्यावरूनच सुचला. मात्र पतंजलीने ‘पुरुष’ म्हटले होते, आणि अडचण नेमकी तेथेच उभी राहिली.

बापाकडची नावे भराभर येतात. आईकडची, आजीकडची येताना कागद रिकामे राहतात. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले जाई. माहेरचे नाव त्या ताटाबाहेर राही. गावात बाईला कोणी नावाने हाक मारीत नसे. ती अमक्याची सून, तमक्याची माय. तिनेही नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज घ्यायचे नाही. ‘नाव घेणे’ तिच्याकडे, ‘नाव लावणे’ त्याच्याकडे. बहिणाबाईंचेच पाहा. माहेरचे महाजन आणि सासरचे चौधरी ही दोन्ही हुद्द्यांची नावे. मधल्या ‘बहिणा’चा अर्थ एवढाच, की कोणाची तरी बहीण. अक्षरओळख नसलेल्या ह्या बाईचे नाव २०१८ पासून आमच्या विद्यापीठाला आहे आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रांवर ते छापलेले असते. ह्याच जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताईंच्या सासरचे आडनाव शेखावत. पण २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या त्या ‘प्रतिभा देवीसिंह पाटील’ म्हणून. नाव पतीचे, आडनाव माहेरचे. असा मेळ घालणे अशक्य नव्हते. पण तो घालू देणारी घरे थोडी.

एका विद्यार्थिनीने स्वाध्यायात पणजीच्या नावापुढे लिहिले होते : ‘जिभाऊनी माय’. आम्ही विचारले, की हे नाव कसे? ती म्हणाली, ‘सर, घरात कोणालाच दुसरे माहीत नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागलेच नाही.’ दिवाळीच्या सुटीत तिने पणजीच्या माहेरी चौकशी केली. तेथे तिला ओळखणारे कोणी उरले नव्हते. स्वाध्यायाला गुण देताना ती जागा रिकामी धरावी की भरलेली, ह्यावर आम्हा दोघांत बराच वाद झाला. अखेर पूर्ण गुण दिले. त्या मुलीने जे लिहिले, तेच त्या बाईचे नाव होते.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव असावे. हा निर्णय आम्हांस मनापासून आवडला. ही मुले महाविद्यालयात येतील, तेव्हा आम्ही निवृत्त झालेलो असू. त्यांचे हजेरीपट अधिक रुंद असतील. त्यांच्यापैकी कोणाला तीन पिढ्यांचा स्वाध्याय मिळाला, तर निदान एका पिढीच्या आईचे नाव शोधायला माहेरी जावे लागणार नाही. माहेरचे की सासरचे, हा प्रश्न मात्र तेव्हाही उरेल.

राहता राहिला आमचा तो विद्यार्थी. त्याने नाव बदलले की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाची पत्रिका आली. खानदेशातील पत्रिका ती, नावांनी भरलेली : आप्पा, नाना, जिभाऊ, तात्या, झाडून सारे. वराच्या नावाखाली ठळक अक्षरांत छापले होते, ‘कै. उखर्डू दगा पाटील यांचा नातू’. ‘उ.’ नव्हता. आजोबांचे नाव पुरे होते, आणि त्यापुढे पणजोबांचेही.

हजेरी घेताना हल्ली आम्ही मधले नावही वाचतो. तासाची चार मिनिटे जातात.